बैलाडिलाचे लोहखनिज आणि समुद्रापर्यंतची वाट

ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या टेकड्यांत लाल जास्पर (गारगोटीच्या जातीचा कठीण दगड) आणि काळपट लोहयुक्त पट्टे एकाआड एक असलेले दगड सापडतात. त्यातला काळा भाग बिनझिलईच्या फरशीवर घासला की विटकरी रेघ उमटते, ती हेमॅटाइट या लोहखनिजाची खूण. ग्वाल्हेर परिसरात पूर्वी लोखंड गाळले जात असे, पण आज नाव घ्यावे असे काम झाले ते 2000 सालापर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात असलेल्या, आता छत्तीसगडात असलेल्या बैलाडिलाच्या डोंगरांत.

तिथल्या खनिजात लोहाचे प्रमाण सुमारे 65 टक्के आहे, हे खरे. परंतु दाट जंगलातल्या डोंगरमाथ्यावरचे खनिज बंदरापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला मोल नसते. म्हणून 1960 साली जपानी पोलाद उद्योगाशी करार झाल्यावर खाणीबरोबरच विशाखापट्टणमजवळचे कोत्तवलसा ते खाणीजवळचे किरंदुल हा सुमारे 445 किलोमीटरचा लोहमार्ग हाती घेतला गेला. पूर्व घाट ओलांडताना त्याला पन्नासहून अधिक बोगदे खोदावे लागले आणि शिमिलिगुडा येथे तो 996 मीटर उंचीवर चढतो. अरकूला सहलीला जाणारी आपली मंडळी कौतुकाने जे बोगदे मोजतात, ते मुळात खनिजाच्या रेकसाठी, म्हणजे मालगाड्यांसाठी, खोदलेले आहेत. 1968 साली 14 क्रमांकाच्या साठ्यातून उत्पादन सुरू झाले. मोठी जहाजे लागण्यासाठी विशाखापट्टणमचे बाह्य बंदर मात्र 1976 मध्ये तयार झाले. क्रशर, कन्व्हेयर, वीज आणि कामगारांची वसाहत हे सारे ओघाने आलेच.

मला सर्वाधिक सलते ते पाण्याचे. खनिज धुऊन चाळले की अतिसूक्ष्म लाल गाळ उरतो आणि तो अडवायला टेलिंग डॅम लागतो. तो अपुरा पडला, किंवा खाणीच्या उघड्या बेंचवरची (पायऱ्यांवरची) माती पावसात वाहिली, की सगळे ओढ्यात उतरते. शंखिनी-डंकिनी नद्यांच्या खोऱ्यातल्या गावांनी हे लाल पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे. लोहमार्गाच्या चढउताराचा हिशेब जितक्या काटेकोरपणे झाला, तितकाच गाळाचाही व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. आता खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून 267 किलोमीटरच्या नळाने किनाऱ्याला नेली जाते. त्याने रेल्वेवरचा भार हलका होतो, पण त्यासाठीचे पाणीही त्याच डोंगराळ मुलखातून उचलावे लागते. नव्या खाणीला परवानगी देताना गाळाचा बंधारा पहिल्या रेकच्या आधी बांधून पूर्ण झालेला असावा आणि खालच्या गावांच्या विहिरींची तपासणी खाण सुरू होण्यापूर्वीच नोंदवलेली असावी.