अडतीस म्हणजे ताप उतरला?

नौपाड्यातल्या आमच्या घरात हवा सेल्सिअसमध्ये असते आणि ताप फॅरनहाइटमध्ये. आजवर त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं.

परवा धाकट्याला कणकण आली. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला होता, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डिजिटल आणला. काखेत धरला, टीं टीं वाजला: 38.4. आई चष्मा सरसावत म्हणाली, "अगं, अडतीस? पोर गार पडलंय की!"

मी तोंडी हिशेब मांडला. दुप्पट करायची, 76.8. त्यातला दहावा हिस्सा काढायचा, उरले 69.1. वर बत्तीस. "एकशे एक, आई." शाळेतल्या नऊ पंचमांशाचंच हे घरगुती रूप, पण आम्हाला तेव्हा नुसतं सूत्र घोकायला लावलं होतं.

त्या बत्तीसचं मूळ कल्हईवाल्याच्या नवसागरात आहे. फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य धरलं, साहजिकच नुसतं बर्फ-पाणी बत्तीसवर जाऊन बसलं. सेल्सिअसची तर आणखी मजा. 1742 मध्ये त्याने पाणी उकळतं तिथे 0 आणि गोठतं तिथे 100 मांडलं होतं! पट्टी सुलटी झाली ती तो गेल्यावर. नाहीतर मे महिन्यात ठाण्यात 62 असतं, आणि उकाडा वाढला की आकडा उतरला असता.

माझा खरा राग आहे तो 98.6 वर. माणसाच्या अंगाची सरासरी ऊब म्हणून 37 हा गोल आकडा होता. तो फॅरनहाइटमध्ये नेल्यावर त्याला 'पॉइंट सहा'चं शेपूट फुटलं आणि भलताच काटेकोर दिसायला लागला. एरवी प्रत्येकाचं अंग थोडं वेगळंच, त्यात सकाळपेक्षा संध्याकाळी जरा जास्त गरम. आमच्या लहानपणी मात्र 99 दिसलं की शाळा बुडायची. तक्रार नाही म्हणा.

न्यू जर्सीचा भाऊ "आज चाळीस आहे" म्हणाला की आई त्याला अजूनही पन्हं प्यायला सांगते. तो तिकडे स्वेटर घालून बसलेला असतो. त्याचे चाळीस म्हणजे आपले जेमतेम साडेचार.

थर्मामीटरचं बटण दाबून धरल्यावर फॅरनहाइट आलं. आईचं समाधान झालं. रात्री पुन्हा ताप बघायला तिने तो हातात घेतला आणि सवयीने तीन वेळा जोरात झटकला.