काकूंचा फोन, आठ फासे आणि पायात रुतणारा डी४

"अरे तुमच्या त्या सोंगट्यांच्या खेळातलं काहीतरी द्यायचंय याला वाढदिवसाला, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," असा काकूंचा फोन आला गेल्या महिन्यात. काकू म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या विझर्डची, म्हणजे खेळात जादूगार होणाऱ्या मित्राची, आई. दर शनिवारी रात्री आम्ही सहा जण त्यांच्या हॉलमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत साहसाची गोष्ट पुढे न्यायची, मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट पुढे नेणारा, राक्षस चालवणारा आणि काही वाईट झालं की सगळ्यांच्या शिव्या खाणारा, त्यामुळे काकूंना वाटलं यालाच विचारावं. दर शनिवारी बारा-साडेबाराला आम्ही आवरायला लागलो की काकू एकदा डोकावतात आणि विचारतात, "कोण जिंकलं रे?" आणि आम्ही दर वेळी सांगतो की काकू यात कोणी जिंकत नाही, आणि त्या "बरं" म्हणून झोपायला जातात.

मी पटकन "डाइस, म्हणजे फासे घ्या, डाइस कोणालाही चालतात" असं सांगणार होतो, पण मग मला स्वतःला आजवर आलेली गिफ्ट्स आठवली आणि थांबलो. कॉफीचे दोन मग. दोन्हीवर वीस पडलेला फासा, दोन्ही वेगवेगळ्या ऑफिसमधल्या लोकांकडून. एक टीशर्ट, तो आता बायको गाडी पुसायला वापरते. "तू गेमर ना" म्हणून हेडफोन, आमच्या खेळाला कॉम्प्युटरही लागत नाही तरी. आणि मावसभावाने हौसेने आणलेला एक मोठ्ठा लाल डी२० (डी म्हणजे डाइस, पुढचा आकडा बाजूंचा, म्हणजे हा वीस बाजूंचा फासा), जो दिसायला एक नंबर, पण तो निघाला स्पिनडाउन.

हे जरा सांगतो कारण यात भलेभले फसतात. खेळायच्या डी२० वर मोठे-छोटे आकडे सगळीकडे विखुरलेले असतात आणि समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज २१ येते, म्हणजे वर २० असेल तर खाली १. स्पिनडाउनवर २०, १९, १८ असे शेजारी शेजारी उतरत जातात, कारण तो मॅजिक द गॅदरिंगसारख्या पत्त्यांच्या खेळात लाइफ मोजायला असतो, टाकायला नाही. सगळे मोठे आकडे एकाच अंगाला, त्यामुळे हात बसलेला माणूस हळूच टाकून पाहिजे तसं दान पाडू शकतो. टेबलवर कोणी तो काढला की बाकीचे संशयाने बघतात. माझा आता पेपरवेट आहे.

तर डाइस द्यायचे असतील तर आधी एवढंच विचारा की तो माणूस खेळात काय असतो. एका सेटमध्ये सात फासे येतात, डी४, डी६, डी८, डी१२, डी२० आणि डी१० दोन, त्यातल्या एकावर १०, २०, ३० असे दशक असतात, टक्क्यांसाठी. प्रत्येक खेळणाऱ्याकडे असे चारपाच सेट पडलेले असतात. पण २०१४ च्या पाचव्या एडिशनपासून अ‍ॅडव्हान्टेज म्हणून भानगड आहे, दोन डी२० टाकायचे आणि मोठा घ्यायचा, आणि सेटमध्ये डी२० येतो एकच! म्हणजे नुसता एक जादाचा, त्याच रंगाला मॅच होणारा डी२० आणला तरी समोरच्याला वाटतं याने खरंच आपला खेळ बघितलाय. बार्बेरियनच्या, म्हणजे रानटी योद्ध्याच्या, मोठ्या कुऱ्हाडीला डी१२ लागतो, जो बिचारा एरवी कोणी हातात घेत नाही. आमच्यातली एक रोग आहे (आजार नव्हे, खेळातल्या पात्राचा चोरटा प्रकार असतो तो), तिला पाठीत सुरा खुपसायला मूठभर डी६ लागतात. आणि विझर्डचा फायरबॉल, म्हणजे जादूचा आगगोळा, म्हणजे आठ डी६. आठ! गेली दोन वर्षं आमचा विझर्ड फायरबॉल टाकायचा म्हटलं की सगळ्यांकडून फासे गोळा करत फिरतो, वर्गणीला आल्यासारखा.

म्हणून काकूंना म्हटलं, आठ डी६ द्या, एकसारखे, आकडे लांबून दिसतील असे. काकू म्हणाल्या, "डी६ म्हणजे लुडोचाच ना रे? ते तर माळ्यावर पडलेत." तेही खरंच म्हणा.

(धातूचे डाइस देताना टेबलाचा विचार करा. हातात जड, मस्त लागतात, पण काचेच्या किंवा पॉलिश केलेल्या टीपॉयवर पडले की घरमालकीण तुम्हाला पुढच्या वेळी चहा विचारत नाही. आम्ही सुरुवातीला स्टीलच्या ताटात टाकायचो, त्याच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते. आता परातीत जुनी शाल घालतो.)

पुस्तकांच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊच नका. हा खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनने काढलेला, बरोबर पन्नास वर्षांनी २०२४ मध्ये पाचव्या एडिशनची सुधारलेली प्लेयर्स हँडबुक आली, मग त्याच वर्षी डंजन मास्टर्स गाईड आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मॉन्स्टर मॅन्युअल. दुकानात जुनं आणि नवं दोन्ही दिसतं, नावं तीच, आणि काही ग्रुप अजून जुन्यावरच आहेत, आमच्यासारखे, कारण नवं शिकायचा कंटाळा. एवढे पैसे घालून चुकीचं आणलं तर देणारा आणि घेणारा दोघंही ओशाळतात. शिवाय खेळाडूला लागतं फक्त हँडबुक, आणि बेसिक नियम तर कंपनीच ऑनलाइन फुकट देते. खेळाडूला मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे राक्षसांची सगळी माहिती असलेलं पुस्तक, देणं म्हणजे परीक्षेआधी पेपर फोडणं. आणि तयार साहसांची पुस्तकं मिळतात ती तर डीएमला विचारल्याशिवाय अजिबात नको, आमच्या बार्बेरियनला त्याच्या बहिणीने प्रेमाने नेमकं तेच पुस्तक दिलं जे मी तेव्हा चालवत होतो, त्याने शपथेवर सांगितलं की उघडलं नाही, पण त्यानंतर तो प्रत्येक दारापाशी बरोबर थांबायला लागला. चार महिन्यांची माझी तयारी पाण्यात.

मिनिएचर्स म्हणजे ते छोटे पुतळे हा आणखी एक खर्चिक नाद. साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच असतात, नकाशावरचा चौकोन एक इंचाचा, म्हणजे खेळातले ५ फूट, त्यात उभे राहतात. स्वतःच्या कॅरेक्टरसारखा हुबेहूब बनवून मागवता येतो, आणि तसं कोणी दिलं तर मी रडेन, पण आधी कॅरेक्टरच्या हातात काय आहे, दाढी आहे का, केस कसे हे सगळं माहीत पाहिजे. मला आवडलेलं गिफ्ट मात्र फार स्वस्तातलं आहे. दिवाळीच्या आधी आमच्या रोगने कुंभारवाड्यातून किल्ल्यावर मांडायची चित्रं आणली, डझनभर मावळे, एक तोफ, एक गवळण आणि एक विहीर. मावळा एवढा मोठा की चार चौकोन अडवून बसतो, म्हणजे नियमाने तो ओगरच्या, म्हणजे खेळातल्या एका धिप्पाड राक्षसाच्या, मापाचा झाला, पण मावळ्याला ओगर म्हणायला कोणाची जीभ रेटेना. मग तो गडाचा दांडगा पहारेकरी झाला, आणि अख्खं साहस मला दिल्ली-बिल्लीच्या वाटेवरच्या एका घाटात हलवावं लागलं. गवळण शेवटी मुख्य व्हिलन निघाली. ती मी ठरवली नव्हती, पोरांनीच तिच्यावर इतका संशय घेतला की माझा नाइलाज झाला.

डीएमसाठी काय घ्यावं असं कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो, आपले कागद खेळाडूंपासून लपवायचा पडदा-बिडदा असतोच आमच्याकडे. शनिवारच्या तीन तासांसाठी आठवडाभर रात्री जागून नावं, नकाशे, राक्षसांचे आकडे लिहायचे असतात आणि त्यातलं अर्धं कोणी बघतही नाही. एक महिना दुसऱ्या कोणीतरी चालवा आणि मला नुसतं खेळू द्या, बस. अजून कोणी दिलेलं नाही.

तर वाढदिवस. काकूंनी मला पुन्हा न विचारताच गिफ्ट ठरवलं होतं. खणाच्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा बटवा शिवला होता, हिरवा, नाडीवाला, आणि आत माळ्यावरचे लुडोचे सगळे फासे धुऊन पुसून, मोजून आठ. आणि त्याखाली तीन लांबडे पिवळट फासे, काकूंच्या माहेरच्या सारीपाटाचे. पट कधीच फाटला, फासे राहिले. त्यांना चारच बाजू असतात, काकूंच्या फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा ठिपके.

चार बाजू म्हणजे डी४! ज्यांनी हा फासा बघितला नाही त्यांच्यासाठी, डी४ म्हणजे टोकदार पिरॅमिड, घरात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या पायात सराट्यासारखा रुततो, आमच्यातल्या प्रत्येकाने तो एकदा तरी सहन केलाय, काकूंनी दोनदा. आणि विझर्डच्या मॅजिक मिसाइलला, म्हणजे जादूच्या बाणांना, डी४ लागतात नेमके तीन, प्रत्येकी अधिक एक. मी लगेच डीएम म्हणून निकाल दिला, पाच म्हणजे तीन धरायचे, सहा म्हणजे चार.

त्याच रात्री शेवटच्या मारामारीत राक्षसाचे जिवाचे ११ पॉइंट उरले होते आणि बाकी सगळे आडवे झाले होते. विझर्डने तिन्ही फासे तळहातावर घोळवून परातीत सोडले. एक, सहा, सहा. काकू दारातच उभ्या होत्या, ओरडल्या, "पौबारा!" (सारीपाटात एक-सहा-सहाच्या दानाला तसं म्हणतात.) मी हिशेब केला, एक अधिक चार अधिक चार, वर तीन, झाले बारा. मेला राक्षस. खालचे काका वर यायची वेळ आली इतका आरडाओरडा झाला, आणि तो जरा ओसरल्यावर काकूंनी विचारलं,

"मग आज तरी जिंकलं का कोणी?"