तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फोनमध्ये तीन कॅमेरे का आहेत

"गुगल नको म्हणून फोन पुसून ग्राफीनओएस टाकलंत, आणि त्यावर परत गुगलचाच कॅमेरा? मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याचं तोंड उघडायच्या आधीच तो ऐकू येतो. (ग्राफीनओएस म्हणजे गुगलच्या पिक्सेल फोनवर टाकायची, अँड्रॉइडवरच उभी पण गुगलची ॲप्स नसलेली, खासगीपणा जपणारी सिस्टिम.) काहीजण खरंच कळावं म्हणून विचारतात, काहीजण पकडलं म्हणून. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "बरं ते जाऊ दे, आम्ही कुठलं कॅमेरा ॲप वापरायचं ते सांगा." आजवर मी "कामावर अवलंबून आहे" एवढंच म्हणून सुटत आलो. ती पळवाट होती. एकदा सगळं सांगून टाकतो.

माझ्या पिक्सेलवर आज तीन कॅमेरा ॲप्स आहेत. एक सिस्टिमबरोबर येणारं, दुसरं ओपन कॅमेरा आणि तिसरं गुगलचं पिक्सेल कॅमेरा, ज्याची नेटवर्कची परवानगी मी पहिल्या दिवसापासून काढून ठेवलेली आहे.

सिस्टिमबरोबर येतं त्यापासून सुरुवात करतो, कारण कित्येक महिने मी फक्त तेच वापरलं आणि त्याच्यासाठी लोकांशी भांडलोही. "फोटो मळकट येतात" असं कोणी म्हटलं की मला राग यायचा. अजूनही येतो, कारण पिक्सेलवर दिवसाउजेडी ते खरं नाही. भराभर अनेक फ्रेम टिपून त्या एकावर एक बसवायचं बरंचसं काम ॲपच्या खालच्या थरात होतं, आणि त्याचा फायदा या साध्या ॲपलाही मिळतो. उन्हातले दोन फोटो शेजारी ठेवून कुठला कशाने काढलाय ते ओळखा म्हटलं, तर माझ्याशी वाद घालणाऱ्यांपैकी बरेचजण चुकले आहेत.

पण मला ते आवडायचं ते चित्रासाठी नाही. ते फोटोमधला एक्झिफ मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडून राहणारी माहिती, आपणहून पुसतं. कुठल्या मॉडेलचा फोन, किती वाजता काढला, शटर किती, सगळं जातं. फक्त फोटो आडवा की उभा एवढं ठेवतं, कारण ते तसंही चित्र बघून कळतं. फोटोत ठिकाण नोंदवणं मुळात बंदच असतं, हवं असेल तर आपण चालू करायचं. व्हिडिओंना मात्र ही पुसापुशी लागू होत नाही, हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो. २०१२ सालच्या डिसेंबरात अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होता, आणि एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो टाकला तर त्या फोटोच्या पोटातच ग्वाटेमालातले अक्षांश-रेखांश निघाले. ही गोष्ट मी लोकांना इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या घरच्यांना ती पाठ आहे. माझं म्हणणं असायचं की जी माहिती नोंदलीच जात नाही ती कधी गळत नाही. पुढे पाठवताना पुसू म्हणाल तर एक दिवस विसराल.

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. एक्झिफ गेलं तरी फाइलच्या नावात तारीख आणि वेळ राहते, आयएमजी आणि पुढे आकड्यांची माळ. तेही मला खुपायला लागलं. म्हणून लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोनमधले फोटो तिकडे उतरवले की ती प्रत्येक फाइलला आठ अक्षरांचं काहीही नाव द्यायची आणि फोनमधली मूळ फाइल मी उडवून टाकायचो. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

आता आईच्या पायाचं सांगतो.

आईला मधुमेह आहे. तळव्याची संवेदना बरीच गेलेली. उजव्या पायाच्या करंगळीखाली जखम झाली ती तिला कळलीच नाही, मोज्याला डाग दिसला तेव्हा ताईच्या लक्षात आलं. ड्रेसिंग घरी करायचं ठरलं. ड्रेसिंग शिकवायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, रोज फोटो काढत जा, लाली पसरते का ते बघायला बरं पडतं. ते काम माझ्याकडे आलं. एकोणीस दिवस मी न चुकता फोटो काढले, काही दिवशी दोनदा, काही दिवशी तीनदा. एका हातात आईची टाच, दुसऱ्या हातात फोन, अंगठ्याने शटर. एकूण एक्केचाळीस फोटो.

विसाव्या दिवशी ताप आला म्हणून आईला दाखल केलं. सर्जननी पट्टी सोडली, बराच वेळ बघत राहिले, आणि मग मला विचारलं, "ही लाली आठ दिवसांपूर्वी कुठपर्यंत होती? फोटो काढलेत म्हणे तुम्ही." मी म्हटलं, हो, रोजचे आहेत. लॅपटॉप बरोबरच होता. मी तो पलंगाच्या कडेला ठेवून उघडला.

एक्केचाळीस छोटी चित्रं. प्रत्येकाखाली आठ निरर्थक अक्षरं. तारीख सगळ्यांची एकच, आदल्या रात्रीची, मी ते उतरवले तेव्हाची.

मी ते लावायला बसलो. चादरीवरून सुरुवात केली, आधी निळ्या चौकड्यांची होती, मग पांढरी घातली, पण मध्ये एकदा निळी परत धुऊन घातली होती. नखांवरून प्रयत्न केला, सिस्टरनी एक दिवस अंगठ्याचं नख कापलं होतं. त्याने दोन ढीग झाले, कापायच्या आधीचे आणि नंतरचे. पुढे काही लागेना. आणि लालीवरून लावावं तर तीही एकसारखी नव्हती. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत सगळा पायच नारिंगी होता, दुपारी ट्यूबखाली काढलेल्यात तीच कातडी फिकट, राखाडी. ॲपने प्रत्येक वेळी त्याला पांढरा वाटला तो पांढरा धरला होता. म्हणजे दोन फोटोंत फरक दिसत होता, पण तो जखमेचा होता की दिव्याचा, ते सांगता येत नव्हतं. मी लॅपटॉप आईकडे वळवून विचारलं, "आई, हा कधीचा गं?" ती म्हणाली, "मला कुठे दिसतो रे माझा तळवा?"

सर्जन तीन-चार मिनिटं थांबले. मग म्हणाले, "राहू द्या." आणि त्यांनी पेनाने लालीच्या कडेने कातडीवर रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. थेट आईच्या पायावर.

दोन दिवसांनी करंगळी काढावी लागली.

नंतर, टाके काढले त्या दिवशी, मी त्यांना विचारलं की लाली कशी पसरत गेली ते कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का. ते म्हणाले, "कदाचित तेच केलं असतं. कदाचित अँटिबायोटिक बदलून दोन दिवस थांबून पाहिलं असतं." याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं असेलसंही वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग ॲपवर कशाला राग? मी ॲपवर रागावलेलो नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. त्याने जे करतो म्हणून सांगितलं होतं तेच केलं. मेटाडेटा ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती मी चालू केली नाही. नावं मी बदलली. मूळ फाइली मी उडवल्या. ग्राफीनओएसला नावं ठेवायला ही गोष्ट वापरणाऱ्यांना मी आत्ताच सांगतो की ती त्यासाठी नाही.

पण तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, तारखा वहीत लिहायच्या होत्यास. नोंद ठेवायला चुकलास आणि खापर खासगीपणावर फोडतोस. त्याचं बरोबर आहे. माझं उत्तर एवढंच, की रात्री अकरा वाजता, हाताला मलम लागलेलं असताना, वही कोणी उघडत नाही. कॅमेरा हीच माझी वही होती आणि तिच्या प्रत्येक पानावरची तारीख मीच खोडत होतो. त्यावर तो म्हणतो, म्हणजे आता पुसणं चूक का? तेव्हा मात्र मला नीट बोलता येत नाही.

आज मला असं वाटतं की फोटोची माहिती तो जन्मतानाच पुसायची गरज नाही, घराबाहेर पडताना पुसावी. त्यासाठी स्क्रॅम्बल्ड एक्झिफसारखं ॲप आहे, शेअर करताना मध्ये घातलं की काम होतं. पण मग मला माझाच जुना मुद्दा आठवतो: एक दिवस विसरशील. आणि तो मुद्दा कुठेही कच्चा पडलेला नाही. गेल्याच वर्षी घाईत एक फोटो मी थेट पाठवला, वेळेसकट. काही बिघडलं नाही, पण बिघडू शकलं असतं.

म्हणून ओपन कॅमेरा. दिसायला जुनाट आहे, सेटिंगचं जंगल आहे, आणि "हे कशाला वापरता" म्हणणाऱ्यांनी ते उघडून दोन मिनिटांत बंद केलेलं असतं. त्यात आधी सेटिंगमध्ये कॅमेरा-टू एपीआय निवडायचं, म्हणजे कॅमेऱ्यावर ॲपला जास्त ताबा मिळतो. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला रंग पांढरा धरायचा ते, केल्व्हिनच्या आकड्यात बांधून ठेवता येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, लॉक करता येतं. आणि फोटोवरच तारीख-वेळेचा शिक्का उमटवता येतो, चित्राचा भाग म्हणून, म्हणजे नाव बदला, एक्झिफ पुसा, कॉपी करा, तो जात नाही. मी रोज एकाच दिव्याखाली, एकाच आकड्यावर, पायाशेजारी कागदी मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. असा फोटो सुंदर दिसत नाही, पण कालच्याशी ताडून बघता येतो. अंधारात मात्र हे ॲप माझ्या हातात तरी फारसं चालत नाही.

आणि आता गुगलचा. ज्यावरून सगळं सुरू झालं.

हॉस्पिटलमधून आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी, तिन्हीसांजेला, आई वॉकर सोडून ताईचा हात धरून चार पावलं चालली. दिवा लावायच्या आत. मी फोटो काढला, सिस्टिमच्याच ॲपने. आईचा चेहरा म्हणजे राखाडी डाग. त्या रात्री मी पिक्सेल कॅमेरा टाकला. कुठलाही तात्त्विक विचार केला नाही. मला पुढच्या वेळी तिचा चेहरा दिसायला हवा होता. अंधारात फोटो काढायची त्यातली सोय, नाइट साइट, गुगलने २०१८ साली आणली. त्यात हातात धरलेल्या फोनवर पंधरापर्यंत फ्रेम टिपून जुळवल्या जातात, आणि ते सगळं फोनमध्येच होतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. म्हणून नेटवर्क काढूनही ते ॲप मुकाट चालतं.

"पण कोड बंद आहे, आत काय करतं कोणाला ठाऊक" हे बरोबर आहे. आणि नेटवर्क काढलं म्हणजे संपलं, असंही नाही. एकाच प्रोफाइलमधली ॲप्स आपसात राजी असतील तर एकमेकांशी बोलू शकतात, तेव्हा शेजारी प्ले सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणाऱ्या गुगलच्या सेवा, असतील तर एक वाट उरते. माझ्या त्या प्रोफाइलमध्ये त्या नाहीत. एवढ्यावर मी विश्वास ठेवलाय. तुम्हाला तो पुरेसा वाटत नसेल तर टाकू नका, पण मला ढोंगी म्हणू नका. गुगलच्याच कॅमेऱ्याच्या ज्या कोणीतरी मॉडिफाय केलेल्या जीकॅम फाइली लोक कुठून कुठून उतरवून टाकतात, त्यांच्यापेक्षा गुगलची सही असलेलं, नेट तोडलेलं ॲप मला बरं वाटतं.

आणखी एक. मेटाडेटा पुसला म्हणजे फोटो निनावी झाला, असं समजून बसलेल्यांसाठी. प्रत्येक सेन्सरच्या ठिपक्यांत सूक्ष्म असमानता असते, तिचा ठसा फोटोत उमटतो, आणि त्यावरून फोटो नेमक्या कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखता येतं. जेसिका फ्रिड्रिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच हे दाखवलंय. एक्झिफ पुसल्याने हा ठसा जात नाही. हे मला आधी माहीत असतं तर मी ती स्क्रिप्ट लिहिली असती का, याचा मी खूप विचार केलाय. बहुतेक लिहिली असती.

तर कुठलं वापरायचं? दुसऱ्या एखाद्या ॲपमधून कागदपत्रांचे फोटो काढायचे असतील तर तुम्हाला फारसा पर्यायच नाही. अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्या ॲपने "फोटो काढा" म्हटलं की सहसा सिस्टिमचाच कॅमेरा उघडतो. लोकांना पाठवायचे, समाजमाध्यमांवर टाकायचे फोटोही मी त्यानेच काढतो. अंधारातली माणसं पिक्सेल कॅमेऱ्याने. आणि ज्या फोटोला उद्या कोणी "हा कधीचा?" विचारेल, तो ओपन कॅमेऱ्याने.

आईच्या डाव्या टाचेला आता बारीक भेग पडलीय. सध्या कोरडी आहे. रात्री नऊला फोटो काढतो, कोपऱ्यात तारीख येते. सिस्टिमच्या ॲपमधलं मेटाडेटा पुसायचं बटण मी मागच्या महिन्यात दोनदा बंद केलं आणि दोनदा परत चालू केलं. आज ते चालू आहे.