हलून लपणारे

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की शिवाजी पार्कच्या मैदानावर चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, उतरतात. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर ते भिरभिरत असतात आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खरं तर बघण्यासारखे आहेत. लपायचं म्हणजे श्वास रोखून गप्प बसायचं, ही लपाछपीपासून आपल्या डोक्यात पक्की बसलेली समजूत चतुर साफ खोटी ठरवतो. तो उडता उडता लपतो.

पाण्याकाठच्या जागेवरून चतुरांच्या नरांची हवेतच जुंपते. ऑस्ट्रेलियात श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी भांडणं दोन कॅमेऱ्यांनी टिपली आणि उड्डाणाच्या वाटा मांडून पाहिल्या. २००३ साली ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. पाठलाग करणारा मागची एखादी खूण धरतो, झुडपाचा शेंडा म्हणा. तो शेंडा आणि समोरचा चतुर यांना जोडणाऱ्या रेषेवरून तो ढळत नाही. समोरचा सरकला की रेषा फिरते, हाही त्या रेषेवर राहण्यापुरता सरकतो. समोरच्याला वाटतं, हा शेंड्यावरच बसलाय! वाढतो तो फक्त आकार, आणि लांबून तेवढा फरक कळत नाही. हजारो भिंगांचा डोळाही इथे फसतो, कारण डोळा हालचाल ओळखतो ती मागच्या देखाव्याच्या तुलनेत.

हे पटत नसेल तर दादरहून लोकल पकडा. शेजारच्या रुळावरची गाडी आपल्याच वेगाने धावायला लागली की तिच्या दारात लटकलेला माणूस जागच्या जागी थिजतो. तो ताशी कितीही वेगाने पळत असो, आपल्यासाठी उभाच. खूण झुडपाऐवजी अनंतावर, म्हणजे पार क्षितिजापलीकडे, ठेवली, की चतुराची युक्ती ती हीच.

काडीकिड्याचं गणित उलटं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात कारवीच्या पानाखाली एक दिसला होता. पुढचे पाय डोक्यापुढे सरळ ताणलेले, अंग वाळक्या देठासारखं. हलकी फुंकर मारली तर बेटा डावी-उजवीकडे डुलायला लागला, फुंकर थांबल्यावरही दोन झोके घेतले आणि मग थांबला. बरोबरच आहे. भोवतीची सगळी पानं वाऱ्यावर हलत असताना एकटाच ताठ उभा राहिला तर पाखराच्या नजरेत तोच आधी भरणार.

एक शंका मात्र उरते. चतुर हे सगळं लपण्यासाठीच करतो का? वटवाघूळ उडता किडा पकडतं तेव्हा तेही जवळपास अशीच वाट धरतं. किडा कसाही वळला तरी दोघांमधल्या रेषेची दिशा बदलू देत नाही. मिट्ट काळोखात ते कुणाच्या नजरेपासून लपणार? वेडंवाकडं पळणारं सावज लवकर गाठायला ही वाट सोयीची पडते, एवढंच. चतुराचंही मुळात तसंच असेल आणि लपणं त्याला फुकटात मिळालं असेल, असं मला आपलं वाटतं.