मुद्देमालातली वही

जिल्हा न्यायालयात मुद्देमालाचं काम सांभाळताना खुनाच्या केसेस कितीतरी आल्या, फाशीची मात्र एकच. सहा वर्षांच्या मुलाचं खंडणीसाठी अपहरण आणि खून. आरोपी शेजारच्या गल्लीतला, घरात येणं-जाणं असलेला. पोलिसांनी आठवड्याच्या आत छडा लावला. मुलाला त्याच्या गाडीवर बसलेलं पाहणारी दुकानदार बाई, खंडणीचा फोन ज्यावरून आला ते सिमकार्ड आणि आरोपीने पंचांसमोर स्वतः नेऊन दाखवलेली पडकी विहीर, एवढ्यावर केस उभी राहिली. विहिरीच्या काठच्या झुडपात दप्तर सापडलं. ते कापडात शिवून, लाखेचं सील लावून, पंचांच्या सह्यांच्या लेबलासकट माझ्या ताब्यात आलं.

शिक्षा सुनावली त्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते, आणि फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहावी लागतात. 1980 च्या बचन सिंग निकालापासून त्याची कसोटी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणाची. न्यायाधीश मॅडमनी ती कारणं एकेक करून वाचली. शेवटी आदेशात एक वाक्य होतं : ही शिक्षा उच्च न्यायालयाने कायम करण्याच्या अधीन राहील. तोपर्यंत बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. ते वाक्य ऐकलं असेल तर आम्ही कर्मचारी आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी.

मुलाचे वडील व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, “साहेब, तारीख कधीची पडंल?” त्यांना वाटत होतं, आता फक्त तारीख पडायची राहिली आहे. सरकारी वकिलांना कॅमेऱ्यांनी घेरलं होतं. तिथेच बाकावर बसवून मी वडिलांना सांगायला लागलो. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 366 होतं ते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच आहे. आरोपीने अपील केलं नाही तरी केस वर जातेच. दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने वाचतात, शिक्षा कायम करतात, कमी करतात, निर्दोषही सोडू शकतात. मग सर्वोच्च न्यायालय. त्यापुढे पुनर्विलोकन, म्हणजे त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासणं, आणि 2014 पासून फाशीच्या केसमध्ये ते तीन न्यायमूर्तींसमोर खुल्या कोर्टात ऐकलं जातं. मग दयेचा अर्ज, राज्यपालांकडे, राष्ट्रपतींकडे. ते ऐकत होते, पण उच्च न्यायालयाच्या पुढचं काही त्यांच्या डोक्यात शिरलं असेल असं मला वाटत नाही. उठताना एवढंच म्हणाले, “म्हंजे अजून काहीच झालेलं नाही.”

त्यानंतर काही दिवस आमच्या ऑफिसात तेच काम चाललं. सगळं रेकॉर्ड पानांचे नंबर घालून, यादी करून मुंबईला गेलं. मुद्देमाल मात्र इथेच राहिला, वरून मागवतील तेव्हा पाठवायचा.

पुढे एक दिवस मुलाची आई एकटीच आली. हातात निकालाच्या बातमीचं कात्रण. “भाऊ, केस संपली ना? मग त्याचं दप्तर द्या मला.”

निकालपत्रात लिहिलेलं होतं की दप्तर फिर्यादीला परत द्यावं. पण पुढे ‘अपिलानंतर’ असंही होतं. कायदाच तसा आहे : अपील दाखल झालं की त्याचा निकाल लागेपर्यंत मुद्देमालाची विल्हेवाट लावता येत नाही. उद्या वरच्या कोर्टाने विचारलं की पंचनाम्यात लिहिलेलं दप्तर हेच कशावरून, तर ते दाखवता आलं पाहिजे. एखाद्या माणसाला फासावर द्यायचं आहे की नाही हे ज्या वस्तूंवरून ठरतं, त्या पिशवीचं सील मी तोडून कसं देणार? हे मी माझ्या परीने सांगितलं. त्यावर तिने विचारलं, “किती दिवस?”

कोल्हापूरचं बालहत्याकांड आमच्या भागात कुणाला माहीत नाही? रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना 1996 मध्ये अटक झाली. 2001 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, 2004 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीनही न्यायालयं पाच वर्षांत झाली. रखडलं ते त्यापुढे. दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळेपर्यंत 2014 उजाडलं, आणि झालेल्या विलंबावरच त्या पुन्हा उच्च न्यायालयात गेल्या. ही बाई माझ्या टेबलापुढे उभी होती तेव्हा ती याचिका अजून प्रलंबित होती. तिला काय आकडा सांगणार? “वर्षं लागतील वहिनी,” म्हणालो.

ती रडली नाही, भांडलीही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “दप्तर राहू द्या. आत मराठीची वही हाय, ती तरी बघू द्या.”

यासाठी काही करता येईल असं मला वाटलं. सरकारी वकिलांनी त्याच आठवड्यात अर्ज करून दिला : वहीच्या पानांच्या रंगीत प्रती मिळाव्यात. विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपीला मिळालेल्या वकीलबाईंनी अर्जावर ‘हरकत नाही’ लिहून सही केली. आरोपीचा वकील म्हटलं की लोक त्याला शिव्या घालतात. या बाईंनी त्या सहीला एक मिनिटही लावलं नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे.

मॅडमनी मधल्या सुट्टीनंतर स्वतःसमोर सील उघडायला सांगितलं. आधी सील शाबूत असल्याची नोंद, मग लाख फोडली, शिवण उसवली. पावसाळा काढलेल्या कापडाचा कुबट वास आला. दप्तराची चेन गंजून बसली होती, शिपायाने ती हळूहळू सरकवली. वही दुरेघी, कोपरे ओल लागून फुगलेले. मी पानं उलटत होतो, आई बाजूला उभी. हात लावायचा नाही असं कुणी तिला सांगितलं नव्हतं, तरी तिने दोन्ही हात पदरात धरून ठेवले होते. शुद्धलेखनाची पानं, ओळीबाहेर गेलेली अक्षरं, बाईंच्या लाल पेनच्या खुणा. मधेच एक पान अर्धं फाडलेलं दिसलं. वकीलबाई वाकून बघायला लागल्या. पुराव्यातल्या वहीचं पान फाटलेलं म्हटल्यावर कुणीही बघेल. आई लगेच म्हणाली, “ते मी फाडलंय. किराणाची यादी लिहायला. लई रडला होता त्या दिवशी, माझी वही खराब केली म्हणून.”

मॅडमनी चष्मा काढला. मग लघुलेखकाला म्हणाल्या, “फाटलेल्या पानाचीही प्रत द्यायची, तशीच नोंद घ्या.”

प्रती काढल्या, वही परत दप्तरात, दप्तर नव्या कापडात, नवं सील, नवं लेबल. आईने पोच म्हणून सही केली आणि प्रती पिशवीत न घालता हातातच धरून गेली.

त्यानंतर 18 जानेवारी 2022 ला कोल्हापूरच्या त्या बहिणींची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जांवर सात वर्षांहून जास्त झालेला उशीर हे कारण, आणि त्यासाठी न्यायालयाने सरकारी यंत्रणेलाच जबाबदार धरलं. ती बातमी वाचून मला फार संताप आला. अपिलांचा नाही. फाशी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर पुन्हा तपासणी हवीच. त्यातली एक पायरीही कमी व्हावी असं मी म्हणणार नाही. पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल न सरकणं ही काही तपासणी नव्हे. त्याने ना आरोपीचं रक्षण होतं, ना ज्यांची लेकरं गेली त्यांना काही मिळतं.

आमच्या केसचा निकाल त्याच्यानंतर लागला. उच्च न्यायालयाने आरोपीचे तुरुंगातल्या वर्तणुकीचे आणि मानसिक तपासणीचे अहवाल मागवले होते. 2022 च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती घ्यायलाच सांगितली आहे. दोषसिद्धी कायम राहिली, फाशीच्या जागी तीस वर्षं सूट न मिळणारी जन्मठेप आली. अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं. मुलाच्या वडिलांना हे टीव्हीवरून कळलं. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात येऊन विचारत होते, आम्हाला का नाही बोलावलं, आम्ही अपील करू. त्यांना सांगावं लागलं की पीडिताच्या कुटुंबाला 2009 च्या दुरुस्तीने अपिलाचा हक्क मिळाला आहे, पण शिक्षा कमी वाटते म्हणून त्या तरतुदीखाली अपील करता येत नाही, ते सरकारने करायचं. हे कुणीतरी त्यांना निकालाआधी सांगायला हवं होतं. तसं सांगण्याची जबाबदारी असलेलं एकही टेबल आमच्या इमारतीत नव्हतं.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरोपीही गेला, दोषसिद्धीविरुद्ध. दप्तर कपाटातच राहिलं.

मी निवृत्त झालो तेव्हा चार्ज देताना मुद्देमालाची यादी नव्या कारकुनासोबत एकेक वस्तू हातात घेऊन तपासली. त्या नोंदीपुढे आईचं नाव आणि चालू मोबाईल नंबर पेनने लिहिला, आणि त्याला सांगितलं, “दिल्लीचा निकाल आला की यांच्या अर्जाची वाट बघू नकोस. आदेश आधीपासूनच आहे. तू स्वतः फोन कर.” त्याने नंबर लगेच लावून बघितला. पलीकडून आईने उचलला, तेव्हा मीच बोललो आणि नव्या माणसाचं नाव तिला लिहून घ्यायला लावलं.