चाव, आई

माझी लेक इटलीत पादुआला शिकते. फोन ठेवताना "चाव, आई" म्हणते. चाव म्हणजे तिकडचं 'येते हं'. ऐकून ऐकून मलाही सवय लागली. एकदा वाण्यालाच चाव म्हणून आले.

मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. व्हेनिसला जाताना गाडीत तिने सांगितलं, हा शब्द मूळचा तिथलाच. 'श्चाव' म्हणजे गुलाम. 'तुमचा दास' म्हणत नमस्कार करायचा, तो झिजून चाव झाला. आमचे आजोबा पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' लिहायचे, तसंच की! पण व्हेनिसच्या श्रीमंत घरांत खरोखरचे दास होते.

व्हेनिसच्या अक्कादेमिया या चित्रसंग्रहालयात कार्पाच्चो या चित्रकाराचं एक मोठं चित्र आहे, १४९०च्या दशकातलं. त्यात व्हेनिसचा रिआल्तोचा पूल दिसतो, तेव्हा तो लाकडी होता. चित्राचा विषय एक चमत्कार. तो घडतोय वर डाव्या कोपऱ्यात, मी मात्र खाली पाण्याकडेच बघत बसले. तिथे एक काळा नावाडी होडी वल्हवतोय, टोपीत पीस खोवलेलं, ऐटबाज. असे नावाडी गुलाम असत, नाहीतर गुलामीतून सुटलेले.

चित्रात नाहीत त्या स्वयंपाकघरातल्या पोरी. घरकामाच्या गुलामांत बायकाच जास्त. काळ्या समुद्राकडून, तानाच्या बंदरातून जहाजाने आणलेल्या तातार, चेर्केस, रशियन मुली. आल्या की बाप्तिस्मा आणि नवं नाव: मारिया, लुचिया, कातेरिना. विक्रीच्या कागदावर वय, जात आणि छुपा आजार नसल्याची हमी. आपण म्हैस घेताना विचारतो तेच. मग पाणी भरा, धुणी धुवा, मालकिणीचं बाळ अंगावर पाजा. मालकापासून मूल झालं तर तेही निस्तरा.

व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो, त्याच्या घरीही एक गुलाम होता. १३२४च्या मृत्युपत्रात त्याने आपल्या तातार नोकराला, पेत्रोला, मुक्त केलं. देव जसा माझ्या आत्म्याला पापातून सोडवो, तसं मी याला बंधनातून सोडवतो, अशा अर्थाचं लिहिलंय. वर १०० लिरा दिले. आणि पेत्रोने त्या घरात राहून स्वतःच्या मेहनतीने जे कमावलं, तेही त्याला 'सोडलं'.

"सोडलं म्हणजे? त्याचेच पैसे ना ते!" मी म्हटलं.

"आई, हळू. लोक बघतायत."

बघू देत.