शेपट्या मोजायच्या: सेमाडोहच्या वाटेवर एक सकाळ

परतवाड्याहून धारणीच्या एसटीत चढलो तेव्हा पिशवीत चहाची गाळणी होती आणि आईचा पांढरा इनॅमलचा थाळा. थाळा न विचारता आणलेला. घटांगला चहा झाला, पुढं सेमाडोहच्या बाजूला मित्राच्या मामांचं गाव. व्याघ्र प्रकल्पाच्या ओढ्यांत असं घुसता येत नाही, म्हणून गावाला लागून असलेला नाला गाठला. पुढं तो सिपना नदीला मिळतो आणि सिपना तापीला.

"काय शोधून राह्यला गा, झिंगे?"

"किडा, मामा."

"किडा पाहाले इतक्या लांबून आला?"

आता काय सांगणार! आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. काळी माती एवढी, की कुत्र्याला मारायला गोटा सापडत नाही. आमच्या नाल्यात दोन वर्षं गाळणी फिरवली. डासांच्या अळ्या आणि चतुराची पिल्लं भरपूर, पण मला हवा तो स्टोनफ्लाय (लहानपण ओढ्याच्या पाण्यात काढणारा, मग पंख फुटणारा किडा) एकही नाही. त्याची पिल्लं गोट्याखाली राहतात, तेही वाहत्या, खळखळत्या पाण्यात. पाणी थांबलं, गाळ बसला, सांडपाणी आलं, की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि ती आधी संपतात.

पहिले दोन गोटे रिकामे. तिसऱ्याला तीन शेपट्यांचं पिल्लू: ते मेफ्लायचं, म्हणजे असाच पाण्यात वाढणाऱ्या दुसऱ्या किड्याचं. पाचवा गोटा थाळ्यावर धरून हलवला आणि एक चपटा, पिवळट-तपकिरी जीव खेकड्यासारखा तिरका पळाला. शेपट्या दोनच. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पायाला दोन नख्या (मेफ्लायला एकच) आणि पायांच्या मुळाशी कापसाच्या पिंजल्या धाग्यांसारखे पांढरे कल्ल्यांचे झुबके. म्हणजे स्टोनफ्लायच, त्यातलं पर्लिडी कुळ. नेमकी जात पिल्लावरून सांगणं अवघड, त्यासाठी बहुधा प्रौढ नर लागतो.

थाळ्यातलं पाणी थांबलेलं. मिनिटभरात पिल्लू जोर काढायला लागलं. खाली, वर, खाली, वर, आखाड्यातल्या पोरासारखं! पाणी कल्ल्यांवरून हलतं ठेवायची ही धडपड. मामाही वाकून पाहत होते. जास्त वेळ न लावता ते त्याच गोट्याखाली सोडलं.

बहुतेक स्टोनफ्लाय थंड मुलखाचे. पर्लिडीतल्या काही जाती मात्र आपल्याकडच्या उबदार ओढ्यांतही निभावतात. पंख फुटले तरी हा किडा उडण्यात कच्चाच, आपला ओढा सोडून फार लांब जात नाही. त्यामुळं डोंगराची एक धारसुद्धा त्याला सीमा होते, आणि कितीतरी जाती एखाद्याच डोंगररांगेपुरत्या सापडतात. तो कुठं आहे ते जिल्ह्याच्या नकाशावर शोधण्यात अर्थ नाही, ओढे बघावे लागतात. सातपुड्यातून उतरून पाणी आमच्या काळ्या मातीत शिरलं की त्याच्यासाठी गोटेच उरत नाहीत.

निघताना मामांनी पाण्याबाहेरच्या एका दगडाकडं बोट दाखवलं. "हे तुयंच किडं दिसते." पाठीवर चीर गेलेली, कागदासारखी कोरडी कात. शेपट्या दोन. मामांनी माझ्याआधी मोजल्या होत्या.

थाळ्याचा एक टवका उडालाय. आईला अजून दिसलेला नाही.